लेकराच्या पाठीवरची खळगी: संसर्ग मणक्यात पोचण्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमानं

तान्ह्या लेकराला मेंदूज्वर होतो. दोन-तीन आठवडे इंजेक्शनं चालतात, लेकरू घरी येतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तापानं फणफणतं. पुन्हा मेंदूज्वरच निघतो. अशा वेळी घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही सगळ्यात आधी लेकराला पालथं घालावं आणि उजेडात पूर्ण पाठ पाहावी. कमरेखाली किंवा मानेवर सुईच्या टोकाएवढं भोक असू शकतं. तेलाचा थर, लंगोट आणि कमरेचा काळा दोरा यांच्या आड ते महिनोन्महिने कुणाला दिसत नाही.

गर्भ साधारण तीन ते पाच आठवड्यांचा असताना वरची कातडी आणि आतला मज्जारज्जू एकमेकांपासून सुटे होतात. एखाद्या जागी ते नीट सुटले नाहीत, तर कातडीपासून आत जाणारी बारीक नळी तशीच राहते. डॉक्टर तिला डर्मल सायनस म्हणतात. साधारण अडीच हजार जन्मांमागे एका लेकराला ती असते, आणि बहुतेक वेळा कमरेच्या खालच्या भागात. काहींची नळी चरबीतच संपते, पण बऱ्याच जणांची मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत किंवा त्याच्याही आत जाते. आतल्या टोकाला पुष्कळदा डर्मॉइडची, म्हणजे आत अडकलेल्या कातडीची, गाठ असते. या वाटेनं कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस किंवा शीमधला ई. कोलाय हा जंतू आत गेला, की मेंदूज्वर होतो किंवा कण्याच्या आत पू साचतो.

हा लेख आईवडील, आशाताई, अंगणवाडीताई आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. यातली बहुतेक कामं सोपी आहेत. चूक होते ती क्रमात.

१. तयारी

पाठ पाहायला पाच मिनिटं लागतात, पण सामान आधी जवळ घ्या. उघडं लेकरू मांडीवर ठेवून पट्टी शोधत बसलात तर ते गारठतं.

मोबाइलचा टॉर्च किंवा बॅटरी, शाळेच्या कंपासमधली मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, शिंप्याची टेप, उकळून कोमट केलेलं पाणी, स्वच्छ कापूस, डिजिटल थर्मामीटर, वही आणि पेन. पाहणाऱ्यानं नखं कापलेली हवीत, हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेले हवेत, बांगड्या मागे सारलेल्या हव्यात.

वेळ अंघोळीआधीची, म्हणजे तेल लावायच्याही आधीची ठेवा. न्हाऊ घालणाऱ्या बाईनं तेल चोळल्यावर बारीक भोक बुजून जातं आणि त्यातून पाणी येत असेल तर तेही कळत नाही. शेगडी पेटवून खोली उबदार करायची असेल तर धूर निघून गेल्यावर लेकराला आत आणा.

२. पाठ पाहणे: वरून खाली, घाई न करता

आईनं पाय पसरून बसावं, लेकराला मांडीवर आडवं पालथं घ्यावं आणि मान एका बाजूला वळवावी. दुसऱ्या माणसानं टॉर्च तिरपा धरावा. सरळ उजेडात खोलगट जागा सपाट दिसते, तिरप्या उजेडात तिची सावली पडते.

डोक्याच्या मागच्या भागापासून सुरुवात करा. केस बोटांनी बाजूला करत मानेपर्यंत या. ही जागा जवळजवळ सगळेच सोडून देतात, आणि डोक्याच्या मागची नळी नेमकी इथंच असते. जावळ काढल्यावर ती आयती दिसते, पण त्यासाठी जावळापर्यंत थांबायचं नाही. मग मान, दोन्ही खांद्यांच्या मधली रेघ, कंबर आणि शेवटी ढुंगणाची फट. दोन्ही अंगठ्यांनी ढुंगण हलकेच बाजूला करून फटीचा तळ पाहा. त्यानंतर एक बोट मानेपासून माकडहाडापर्यंत कण्यावरून फिरवा. मऊ गाठ, खड्डा किंवा मणक्याची रेघ मधेच तुटल्यासारखी लागते का, ते कळतं.

मधल्या रेघेवर यापैकी काही आहे का पाहा:

- खळगी किंवा बारीक भोक, त्यातून डोकावणारा केस किंवा पांढरट चिकट मळ
- लांब, राठ केसांचा झुबका
- लाल, उठावाचा चट्टा
- चरबीसारखी मऊ गाठ किंवा लोंबणारा कातडीचा तुकडा
- चटका बसून बरा झाल्यासारखी पातळ, चकचकीत कातडी
- ढुंगणाची फट सरळ न जाता एका बाजूला वळलेली किंवा वर जाऊन दुभंगलेली

लोंबणाऱ्या तुकड्याला गावात शेपूट म्हणतात, मारुतीचं देणं म्हणून लोक हात जोडतात. हात खुशाल जोडा, पण त्याच आठवड्यात दवाखानाही गाठा.

काही गोष्टींनी उगाच घाबरू नका. कमरेवरचे निळसर-करडे सपाट डाग आपल्याकडच्या लेकरांत सर्रास असतात आणि वयासोबत फिके होतात. नवजात बाळाच्या खांद्यावरची मऊ लव झडून जाते. मानेवरचा सपाट गुलाबी डाग एकटाच असेल तर बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

पाठ झाली की आणखी तीन जागा पाहा. गुदद्वार जागेवर आणि उघडं आहे ना? दोन्ही पाय सारखे जाड आहेत का, सारखे हलतात का, पाऊल आत वळलेलं आहे का? लघवी धारेनं होते की थेंब थेंब गळत राहते? जन्मतः गुदद्वार बंद असलेल्या काही लेकरांत माकडहाडाच्या वरचा हाडाचा भाग अपुरा असतो आणि त्याच्यापुढे ओटीपोटात पिशवीसारखी गाठ असते. तिथली संसर्गाची वाट पाठीवर दिसत नाही, आतड्याच्या बाजूनं असते. म्हणून गुदद्वाराचं ऑपरेशन झालेल्या लेकराच्या कण्याचीही तपासणी व्हायला हवी.

तपासून घ्या: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईची गृहभेट ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. यातल्या पहिल्याच भेटीत पाठ पाहून वहीत नोंद व्हावी. "पाठ पाहिली, काही नाही" हीसुद्धा नोंदच आहे.

३. मोजणे: कोणती खळगी साधी, कोणती नाही

शंभरातल्या दोन ते चार नवजात बाळांच्या माकडहाडावर साधी खळगी असते आणि तिनं काही होत नाही. प्रत्येक खळगीला एमआरआय लिहून देणं हेही चुकीचंच. एवढ्याशा लेकराला झोपेचं औषध द्यावं लागतं आणि घरच्यांचा पैसा जातो.

खळगी साधी म्हणायची तर पुढचं सगळं जुळलं पाहिजे. ती एकच आहे. बरोबर मध्यावर आहे. रुंदी ५ मिलिमीटरपेक्षा कमी आहे. गुदद्वारापासून २.५ सेंटिमीटरच्या आत आहे. कातडी ताणल्यावर तिचा तळ दिसतो. आजूबाजूला केस, चट्टा, गाठ यांपैकी काही नाही. त्यातून कधीही ओल आलेली नाही.

यातली एखादी जरी गोष्ट जुळली नाही तर खळगी संशयाची धरा. अंतर बोटांनी अंदाजानं मोजू नका, पट्टी लावा. पट्टी हाताशी नसेल तर एक ढोबळ खूण आहे: ढुंगण न फाकवता पालथ्या लेकराच्या पाठीवर खळगी दिसत असेल, तर ती फटीच्या वर आहे आणि ती दाखवायलाच हवी. मान, पाठ किंवा कंबर यांच्या मधल्या रेघेवरचं भोक केवढंही बारीक असो, ते साधं धरायचं नाही.

पट्टी शेजारी ठेवून मोबाइलवर दोन फोटो काढा: एक पूर्ण पाठीचा, एक जवळून. हे फोटो डॉक्टरांना दाखवायला आहेत, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला नाहीत.

४. भोकाला हात लावण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, आणि ते चांगल्या हेतूनंच होतं.

काडीला कापूस गुंडाळून भोक "साफ" करू नका. वरचा मळ आत ढकलला जातो आणि आत काय आहे ते तुम्हाला दिसत नसतं. हळद, तेल, चुना, राख, शेंदूर काहीही भरू नका. बिब्बा तर मुळीच नाही. त्यानं कातडी भाजते आणि भाजलेल्या कातडीतून जंतूंना आणखी रुंद वाट मिळते. वरची गाठ दाबून पाहू नका, पू दाबून काढू नका.

डॉक्टरांसाठीही हेच. खोली पाहायला आत सळई घालायची नाही, एक्स-रेच्या फोटोसाठी आत औषध सोडायचं नाही. आणि लहान दवाखान्यात भूल देऊन "वरचा तेवढा भाग कापून दोन टाके" घालायचे नाहीत. वरचं तोंड बंद होतं, आतली नळी तशीच राहते, आणि पुढचा पू बाहेर यायला जागाच उरत नाही. नळी तिच्या आतल्या टोकापर्यंत काढावी लागते. हे काम मज्जारज्जूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या न्यूरोसर्जनचं किंवा त्यात अनुभव असलेल्या बालशल्यचिकित्सकाचं आहे.

५. ऑपरेशनपर्यंतची रोजची निगा

अंघोळ घाला, पण त्या जागेवर मालिश नको. तेल चार बोटं दूर ठेवा. नुसत्या कोमट पाण्यानं जागा ओघळून घ्या आणि स्वच्छ सुती कापडानं टिपून कोरडी करा, घासू नका. पावडर नको.

शी झाली की लगेच पुसा, आणि पुसताना हात पुढून मागे न नेता मागून पुढे, खळगीपासून दूर न्या. मुलगी असेल तर लघवीची जागा आधी वेगळ्या कापसानं पुसा आणि मग मागचा भाग बाजूला वळवत पुसा, म्हणजे शी ना पुढे जाणार, ना वर खळगीकडे. लंगोटाची वरची कड खळगीच्या खाली दुमडा. कमरेचा दोरा काढून ठेवा. दोऱ्याची गाठ नेमकी तिथं घासते आणि ओला दोरा दिवसभर तसाच राहतो.

रोज एकदा पाहा: लाली, सूज, ओल, वास. भोकातून पाण्यासारखं स्वच्छ काही झिरपलं तर ते मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी असू शकतं. ताप नसला तरी त्याच दिवशी दवाखाना.

६. तपासण्या: कोणती, केव्हा

पहिले तीन-चार महिने कण्याची सोनोग्राफी चांगली होते, कारण तोवर मणक्यांचा मागचा भाग हाडासारखा घट्ट झालेला नसतो. नंतर आवाजाच्या लहरी हाडात अडतात आणि चित्र नीट येत नाही. "सहा महिन्यांनी बघू" म्हणणाऱ्यांची ही सोपी तपासणी हातातून जाते. सोनोग्राफीत मज्जारज्जूचं टोक कुठं संपतं ते दिसतं. ते सहसा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी असतं. तिसऱ्याच्या खाली असेल तर रज्जू खाली ओढून बांधला गेल्याची शंका येते.

सोनोग्राफी चांगली आली म्हणजे प्रश्न मिटला, असं नाही. बारीक नळी तिच्यात सुटू शकते. मध्यरेषेवर उघडं भोक असेल तर एमआरआय लागतो, आणि संसर्गाची शंका असेल तर शिरेतून औषध देऊन केलेला. चिठ्ठीवर नुसतं "कंबर" नको, डॉक्टरांना पूर्ण कण्याचा लिहायला सांगा. कमरेच्या भोकातून शिरलेला पू वर छातीपर्यंत चढलेला असू शकतो.

एमआरआयच्या दिवशी नेहमी होणारी चूक उपाशीपोटाची. भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. साधारणपणे आईचं दूध आधी ४ तास बंद आणि वरचं दूध ६ तास बंद असतं. रडतं म्हणून वाटेत दोन चमचे पाजलं की नंबर जातो, आणि परभणीहून किंवा भूमहून पहाटे निघालेली माणसं संध्याकाळी तशीच परततात. आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा आणि शेवटचं दूध किती वाजता पाजायचं ते वहीत लिहा. लेकराच्या अंगावरचा दोरा, वाळे, ताईत घरीच काढून ठेवा.

सोबत लघवीची तपासणी आणि मूत्रपिंड-मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या. मज्जारज्जूचा दोष असलेल्या लेकरांत मूत्राशय नीट रिकामं होत नाही, आणि वारंवारच्या तापाचं कारण काही वेळा तेच असतं.

७. कुठं जायचं, काय सोबत न्यायचं

नळी ठरली की ऑपरेशन संसर्ग होण्याआधी करायचं असतं. "थोडं बाळसं धरू द्या, मोठं होऊ द्या" हा सल्ला इथं चालत नाही. संसर्गानंतर आतले पदर एकमेकांना चिकटतात, ऑपरेशन अवघड होतं आणि पायांची ताकद परत येण्याची शक्यता घटते.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि नांदेड, अंबाजोगाई, लातूर इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही मोठी ठिकाणं. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकरवी तिथं फोन करून तीन गोष्टी विचारा: न्यूरोसर्जन किंवा बालशल्यचिकित्सक सध्या आहेत का, तान्ह्या बाळाला भूल देऊन एमआरआय होतो का, नवजात अतिदक्षता कक्षात जागा आहे का. एका प्रश्नालाही "नाही" आलं तर पुढचं ठिकाण आत्ताच ठरवा, तिथं पोचल्यावर नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. मज्जारज्जूचे जन्मजात दोष त्यांच्या यादीत आहेत. त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी घेतली की जिल्ह्याच्या ठिकाणचं डीईआयसी, म्हणजे जन्मजात दोष असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र, पुढची वाट दाखवतं. पण पथक यायचं आहे म्हणून थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्यांना फोन करता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच भेटा. रेशनकार्डावर लेकराचं नाव चढलेलं नसतं, म्हणून जन्मदाखला, आईवडिलांचं रेशनकार्ड आणि आधार, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. दिवाळीनंतर निघायचं आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ऑपरेशन करायचं, असं ठरवलं तर मधले पाच महिने उघड्या भोकाचं लेकरू कोपीत, मातीत आणि पाचटात राहतं. उचल घेतलेली असली तरी आई आणि लेकरू मागे ठेवून ऑपरेशन आधी उरकता येतं का, ते पाहा. जावंच लागलं तर फाइलीच्या प्रत्येक पानाचा फोटो दोन वेगवेगळ्या मोबाइलवर ठेवा आणि कारखान्याजवळचं सगळ्यात मोठं सरकारी रुग्णालय कोणतं, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

८. संसर्गाची लक्षणं: तान्हं लेकरू "पाठ दुखते" सांगत नाही

रडणारं लेकरू उचलल्यावर शांत होतं. कण्यात किंवा मेंदूच्या आवरणात संसर्ग असलेलं लेकरू उचलल्यावर, लंगोट बदलताना, पाय वर केल्यावर जास्त रडतं आणि अंथरुणावर निपचित ठेवलं की गप्प होतं. ही खूण नीट लक्षात ठेवा. घरात तिचा अर्थ "दृष्ट लागली" किंवा "हात लागू देत नाही, हट्टी आहे" असा लावला जातो.

याशिवाय पाहायचं ते: पाठ लाकडासारखी ताठ, मान मागे खेचलेली. टाळू फुगलेली. दूध ओढायचं बंद. झटके. आधी पाय मारणारं लेकरू आता पाय हलवत नाही, किंवा एकच पाय हलवतं. बसू लागलेलं पुन्हा बसत नाही, रांगणारं रांगत नाही. लघवी बारा तास झाली नाही किंवा सारखी गळते. नवीनच सुरू झालेली कडक शी.

टाळू भरायची सवय असलेल्या घरात फुगलेली टाळू तेलाखाली लपते. लेकरू बसतं धरून, रडत नसताना, तेल पुसून बोटानं पाहा.

दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या काखेत थर्मामीटर ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त दाखवत असेल तर तो ताप, आणि ३५.५ च्या खाली असेल तर तेही तितकंच धोक्याचं. कण्यातल्या गळवात ताप नसूही शकतो. पाय ढिले पडले पण ताप नाही म्हणून एक दिवसही थांबू नका.

हळूहळू येणारं दुखणं वेगळं. आठवडे-महिने बारीक ताप, वजन न वाढणं, पाठीत कुबडासारखा उंचवटा, घरात खोकणारं माणूस: अशा वेळी मणक्याचा क्षयरोगही तपासायचा. जन्मजात दोष आहे म्हणून क्षयरोग नसणार, असं काही नसतं.

९. ताप आला तर: पहिल्या तासांचा क्रम

एक. वहीत वेळ लिहा: ताप किती, शेवटचं दूध कधी, शेवटची लघवी कधी, पाय कधीपासून ढिले.

दोन. दुकानातून आणलेलं अँटिबायोटिक सिरप पाजू नका. अर्धवट औषधानं जंतू मरत नाहीत, पण तपासणीत सापडेनासे होतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तापाचं औषधही डॉक्टरांना न विचारता नको.

तीन. १०८ ला फोन करा, किंवा तान्ह्या बाळासाठी १०२ ला. जवळचं आहे म्हणून आठ खाटांच्या दवाखान्यात रात्र काढू नका. तिथं अँटिबायोटिक इंजेक्शनची पहिली मात्रा आणि सलाईन घेऊन पुढं निघा.

चार. पोचल्यावर कुणी विचारण्याआधीच, पहिल्या वाक्यात सांगा: "याच्या पाठीवर जन्मापासून भोक आहे." ताप, जुलाब, खोकला नंतर. हे वाक्य चिठ्ठीच्या वरच्या ओळीत लिहून घ्या. रात्री डॉक्टर बदलतात, चिठ्ठी तीच राहते.

डॉक्टरांसाठी पुढचा क्रम: रक्ताचं कल्चर घ्या आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा. त्यात स्टॅफिलोकॉकस आणि आतड्यातले ग्राम-निगेटिव्ह (ई. कोलायसारखे) जंतू दोन्ही झाकले जायला हवेत. लेकरू गंभीर असेल तर एमआरआय किंवा पाठीतलं पाणी यांपैकी कशासाठीही औषध अडवू नका. पाठीतून पाणी काढण्याआधी शक्य असेल तर एमआरआय. या लेकरांत रज्जू खाली असू शकतो, सुई त्यालाच लागू शकते, किंवा गळवातून गेलेली सुई पू मेंदूच्या आवरणात नेऊन सोडते. भोकाजवळून सुई कधीच घालायची नाही. एमआरआयमध्ये कण्यात पू दिसला आणि पाय ढिले असतील तर ऑपरेशन त्याच दिवशी. नुसत्या औषधावर थांबलेल्या प्रत्येक तासाची किंमत पाय आणि मूत्राशय मोजतात.

सावध: इंजेक्शनांनी ताप चौथ्या दिवशी उतरतो, लेकरू दूध ओढू लागतं आणि घरचे सुट्टी मागतात. नवजात बाळाच्या ग्राम-निगेटिव्ह मेंदूज्वरात किमान २१ दिवस औषध चालतं, कण्यातल्या गळवात साधारण ४ ते ६ आठवडे. पेरणी असो की लग्न, "मर्जीनं नेत आहोत" या कागदावर सही करण्याआधी राहिलेले दिवस मोजा.

१०. पाठ उघडीच जन्मली तर

काही लेकरांच्या पाठीवर जन्मतःच पातळ पडद्याची पिशवी किंवा उघडी लाल जागा असते. मेनिंगोमायलोसील. इथं वाट उघडीच असते आणि घड्याळ जन्मापासून चालू होतं. ऑपरेशन शक्यतो पहिल्या ४८ ते ७२ तासांत व्हायला हवं.

बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवा, उताणं नाही. निर्जंतुक गॉज कोमट नॉर्मल सलाईनमध्ये भिजवून पिशवीवर अलगद ठेवा, वर स्वच्छ प्लास्टिकचा पातळ कागद. गॉज वाळू द्यायचा नाही. वाळला तर पडद्याला चिकटतो आणि ओढताना पडदा फाटतो. साधारण दोन-तीन तासांनी त्यावर सलाईनचे थेंब सोडा. कोरडा कापूस, पावडर, स्पिरिट किंवा आयोडीन उघड्या मज्जातंतूंवर लावायचं नाही. पिशवी आणि गुदद्वार यांच्यामध्ये प्लास्टिकची पट्टी चिकटवा, म्हणजे पहिली काळी शी वर सरकत नाही. ओल्या गॉजमुळे बाळ लवकर गारठतं, म्हणून डोक्याला टोपी, पायात मोजे आणि शक्य तिथं वॉर्मर.

या लेकरांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची, ॲलर्जी पुढे फार होते. पहिल्या दिवसापासून लॅटेक्स नसलेले हातमोजे आणि नळ्या मागा. पुढे घरी फुगेही नकोत.

११. ऑपरेशननंतर

टाके सुकेपर्यंत पालथं किंवा कुशीवर. लंगोट जखमेच्या खाली. जुलाब लागले तर दर दोन तासांनी पाहा, कारण जखमेचा संसर्ग बहुतेक वेळा याच वाटेनं येतो. ड्रेसिंग पाण्यासारखं ओलं होत राहिलं तर "घाम असेल" म्हणू नका.

डोक्याचा घेर दर आठवड्याला, एकाच माणसानं, भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवून मोजा. पहिल्या तीन महिन्यांत तो महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढतो. एका आठवड्यात १ सेंटिमीटरहून जास्त वाढला तर डोक्यात पाणी साचत आहे का ते दाखवा. मेनिंगोमायलोसील झाकल्यावर हे पुष्कळ लेकरांत होतं आणि शंट, म्हणजे डोक्यापासून पोटापर्यंत पाण्याची नळी, बसवावी लागते. शंटचा संसर्ग बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांतच होतो. कानामागून गळ्यावरून जाणाऱ्या नळीच्या रेघेवर लाली, उलट्या, पोट फुगणं, सुस्ती: यातलं काही दिसलं की नेहमीच्या डॉक्टरांकडे न थांबता ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात.

लघवी पूर्ण रिकामी होत नसेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून ती काढायला आईला शिकवतात. नर्सनं एकदा करून दाखवलं म्हणून घरी जाऊ नका. तिच्यासमोर स्वतः तीनदा करून दाखवा आणि मगच सुट्टी घ्या.

१२. पुढच्या गरोदरपणाआधी

पहिलं लेकरू उघड्या कण्याच्या दोषासह जन्मलं असेल तर पुढच्या वेळी फॉलिक ॲसिडची मात्रा वेगळी असते. एरवी दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, इथं डॉक्टर ४ ते ५ मिलिग्रॅम देतात. दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून पहिल्या १२ आठवड्यांपर्यंत. पाळी चुकल्यावर सुरू केलं तर उशीर झालेला असतो, कारण कणा चौथ्या आठवड्याच्या सुमारास मिटून झालेला असतो.

आशाताईकडच्या लाल गोळीत फॉलिक ॲसिड फक्त ५०० मायक्रोग्रॅम आणि लोह ६० मिलिग्रॅम असतं. पाच मिलिग्रॅम जुळवायला त्याच लाल गोळ्या दहा घेतल्या तर ६०० मिलिग्रॅम लोह पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते. पाच मिलिग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी, पिवळसर, मिळते. ती चिठ्ठीवर वेगळी लिहून घ्या. लाल गोळी तिच्या ठरल्या वेळी, ठरली तेवढीच.